पेशीमापन व पेशीगणना : पदवी स्तरावरील प्रात्यक्षिकांची एक चिकित्सा

सारांश : सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशीचा आकार मोजणे आणि गणनकक्षाच्या साहाय्याने पेशींची संख्या मोजणे ही दोन तंत्रे जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात दीर्घकाळ शिकविली जात आहेत. या प्रात्यक्षिकांतून विद्यार्थी एक आकडा मिळविण्यास शिकतो. परंतु त्या आकड्यावर कितपत विसंबावे हे शिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या तंत्रांचा इतिहास, त्यांतील त्रुटींचे स्वरूप आणि प्रात्यक्षिक वहीची प्रचलित पद्धती यांच्या आधारे ही चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : पेशीमापन, पेशीगणना, हिमोसायटोमीटर, त्रुटी, प्रात्यक्षिक मूल्यमापन.

प्रस्तावना

कोणत्याही प्रयोगशास्त्रात मापनाला पायाचे स्थान असते. भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला उपकरणाचे लघुतम माप विचारले जाते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र ओळखणे, रेखाटणे व नावे देणे यांवर भर असल्यामुळे मापनाची शिस्त काहीशी मागे पडते. या पार्श्वभूमीवर पेशीमापन व पेशीगणना या दोन प्रात्यक्षिकांचे महत्त्व विशेष आहे. कारण सजीव द्रव्याचे रूपांतर आकड्यात कसे होते हे विद्यार्थी येथे बहुधा प्रथमच पाहतो. ही संधी आपण कशी वापरतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील असला तरी मिळालेला आकडा आणि अपेक्षित आकडा यांतील नाते हा सर्वच विद्याशाखांच्या आस्थेचा विषय असल्याने तो येथे मांडला आहे.

१. तंत्रांचे स्वरूप

पेशीमापनात दोन पट्ट्या लागतात. एक पट्टी नेत्रिकेत बसविलेली असते. तिला ऑक्युलर मायक्रोमीटर म्हणतात. तिच्यावरील रेषांना स्वतःचे असे निश्चित मूल्य नसते. दुसरी पट्टी, म्हणजे स्टेज मायक्रोमीटर, काचपट्टीवर कोरलेली असते. तिच्यावर एक मिलिमीटरचे १०० भाग केलेले असून प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा असतो. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर जुळवून नेत्रिकेतील एका भागाचे मूल्य ठरविले जाते आणि वस्तुभिंग बदलले की ते पुन्हा ठरवावे लागते. उदाहरणार्थ, ४० एक्स वस्तुभिंगाखाली नेत्रिकेतील ४० भाग स्टेज मायक्रोमीटरच्या १० भागांशी जुळले, तर नेत्रिकेतील एक भाग २.५ मायक्रोमीटरचा ठरतो.

पेशीगणनेसाठी हिमोसायटोमीटर वापरतात. सुधारित न्यूबाउर पद्धतीच्या गणनकक्षावर एक चौरस मिलिमीटरचे नऊ चौकोन कोरलेले असतात. कक्षाची खोली ०.१ मिलिमीटर असते. मधल्या चौकोनाचे २५ गट आणि प्रत्येक गटाचे १६ लहान चौकोन असतात. तांबड्या रक्तपेशी मोजताना रक्त २०० पट विरल करून पाच गटांतील, म्हणजे ८० लहान चौकोनांतील, पेशी मोजतात आणि आलेल्या संख्येला १०,००० ने गुणतात. पांढऱ्या पेशींसाठी विरलन २० पट असते. चार कोपऱ्यांतील मोठे चौकोन मोजून आलेल्या संख्येला ५० ने गुणले जाते. चौकोनाच्या वरच्या व डाव्या रेषेवरील पेशी धरायच्या, खालच्या व उजव्या रेषेवरील सोडायच्या, हा नियम एकच पेशी दोनदा मोजली जाऊ नये यासाठी असतो.

या पद्धतीमागे मोठी परंपरा आहे. लेव्हेनहूकने सतराव्या शतकात तांबड्या पेशींच्या आकाराची कल्पना देण्यासाठी वाळूच्या कणाशी तुलना केली. कार्ल फीरोर्ट यांनी १८५२ मध्ये रक्तपेशींची संख्या मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि विल्यम गॉवर्स यांनी १८७७ मध्ये आपला हिमोसायटोमीटर मांडला. आजही आपल्या प्रयोगशाळांतील कृती याच परंपरेतील आहे. तथापि या परंपरेत कृतीबरोबरच त्रुटीचाही विचार झाला होता. आपण कृती तेवढी उचलली.

२. मापनातील अचूकतेचा भास

मानवी तांबड्या रक्तपेशीचा व्यास पुस्तकात साधारणतः ७.२ मायक्रोमीटर दिलेला असतो. प्रात्यक्षिक वहीतही बहुधा ७.२ हाच आकडा आढळतो. आता वरील उदाहरण घेऊ. नेत्रिकेतील एक भाग २.५ मायक्रोमीटरचा असेल, तर ७.२ मायक्रोमीटर म्हणजे २.८८ भाग. दोन रेषांमधील अंतराचे शंभर भाग डोळ्यांनी करणे कोणालाही शक्य नाही. प्रामाणिक निरीक्षक 'सुमारे तीन भाग' एवढेच म्हणू शकेल, म्हणजे ७.५ मायक्रोमीटर, आणि त्यातही अर्ध्या भागाची चूक झाली तर फरक १.२५ मायक्रोमीटरचा पडेल.

याखेरीज प्रकाशाचीही मर्यादा असते. ०.६५ अंकीय द्वारकाच्या वस्तुभिंगाची विभेदनक्षमता सुमारे अर्धा मायक्रोमीटर असते. म्हणजे पेशीची कडा जेथे दिसते तेथेच ती आहे, असे त्याहून सूक्ष्म पातळीवर सांगता येत नाही. शिवाय रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर वाळविला जातो, तेव्हा पेशी चपटी होते. द्रवात तरंगणारी पेशी आणि वाळलेली पेशी यांचा व्यास एकच असेल असे नाही.

याचा अर्थ ७.२ हा आकडा निरर्थक आहे असा नव्हे. अनेक पेशी मोजून काढलेली सरासरी एकेका वाचनापेक्षा अधिक सूक्ष्म असू शकते. सेसिल प्राइस-जोन्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेमके हेच केले. एकेका रक्तनमुन्यातील शेकडो पेशींचे व्यास मोजून त्यांनी त्यांचा वितरण-आलेख काढला. 'प्राइस-जोन्स वक्र' या नावाने तो रक्तविज्ञानात परिचित आहे. सरासरीइतकीच त्या वक्राची रुंदीही बोलकी असते. कारण काही रक्तविकारांत पेशी केवळ लहान वा मोठ्या होत नाहीत, त्यांच्या आकारात विषमता येते. पाच पेशी मोजून दशांश चिन्हानंतर दोन अंक लिहिणारा विद्यार्थी सरासरीही कमावत नाही आणि विषमताही गमावतो.

३. गणनेतील चढउतार : गॉसेट यांचा धडा

पेशी द्रवात समान पसरलेल्या असतील, तर प्रत्येक चौकोनात समान पेशी आल्या पाहिजेत, अशी विद्यार्थ्याची समजूत असते. प्रात्यक्षिक पुस्तकांतही चौकोनांतील संख्यांत फार फरक नसावा अशी सूचना असते. ही सूचना अर्धसत्य आहे. नीट मिसळलेल्या द्रवातही चौकोनांतील संख्या योगायोगाने कमीअधिक होणारच. आणि किती कमीअधिक होईल याला नियम आहे.

हा नियम पेशीगणनेसाठी स्पष्ट करणारे विल्यम गॉसेट हे डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करीत होते. यीस्टच्या पेशी किती आहेत हे ठरविणे ही त्यांच्या व्यवसायाची दैनंदिन गरज होती. 'स्टुडंट' या टोपणनावाने त्यांनी १९०७ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात हिमोसायटोमीटरच्या गणनेतील त्रुटीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एका नमुन्यात ४०० चौकोन मोजले होते व सरासरी ४.६८ पेशी प्रतिचौकोन होती. तथापि २० चौकोनांत प्रत्येकी एकच पेशी होती, ८६ चौकोनांत चार होत्या आणि दोन चौकोनांत तब्बल बारा होत्या. नमुना एकच, हातही कुशल, तरी एकापासून बारापर्यंत फरक. हा निष्काळजीपणा नव्हता. यदृच्छेने विखुरलेल्या कणांचा तो स्वभावच होता, आणि तो प्वासाँ वितरणाशी जुळत होता. या वितरणात संख्येच्या वर्गमुळाइतके प्रमाण विचलन अपेक्षित असते.

आपल्या प्रात्यक्षिकाला हे लावून पाहू. रक्तात प्रतिघनमिलिमीटर ५० लाख तांबड्या पेशी असतील, तर पाच गटांत मिळून ५००, म्हणजे प्रत्येक गटात सरासरी १०० पेशी येतील. १०० चे वर्गमूळ १०. पाच गटांतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान संख्येत सामान्यतः वीस-बावीसचा फरक पडणे अपेक्षित आहे. असे असता वहीत ९८, १०१, ९९, १०२, १०० अशी नोंद सापडली, तर ती उत्तम गणनेची खूण नव्हे. ती शंकेस पात्र आहे. नोंदी एकमेकींशी फार जुळतात, एवढ्यावरूनच त्या मोजलेल्या नसाव्यात असे अनुमान काढता येते. आपण मात्र अशाच नोंदींना पूर्ण गुण देतो.

४. एका गणनेची विश्वासार्हता

योगायोगाची त्रुटी ही अनेक त्रुटींपैकी एक होय. मेयो क्लिनिकमधील बर्कसन, मॅगाथ व हर्न यांनी १९४० मध्ये या त्रुटींचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबानुसार पिपेटमुळे येणारी त्रुटी सुमारे ४.७ टक्के आणि गणनकक्षामुळे येणारी सुमारे ४.६ टक्के असते. पाचशे पेशी मोजल्यास योगायोगाची त्रुटी चार टक्क्यांच्या आसपास येते. या तिन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढल्यास एकूण त्रुटी सुमारे ७.८ टक्के होते. पंचाण्णव टक्के खात्रीसाठी ती दुप्पट धरली, तर ५० लाख हे उत्तर प्रत्यक्षात ४२ लाख ते ५८ लाख यांमधील कोणतेही असू शकते.

पुस्तकात पुरुषांसाठी ५० लाख व स्त्रियांसाठी ४५ लाख अशी सरासरी मूल्ये दिलेली असतात. या दोहोंतील फरक एका गणनेच्या त्रुटीहून लहान आहे. म्हणजे एका गणनेवरून काढलेला 'रक्त सामान्य आहे' हा निष्कर्ष, जो जवळपास प्रत्येक वहीत शेवटच्या ओळीत असतो, तो त्या गणनेतून निघतच नाही.

याच हिशेबातून एक व्यावहारिक सूत्रही हाती येते. त्याच कक्षात पाचशेऐवजी हजार पेशी मोजल्या, तर एकूण त्रुटी ७.८ वरून सुमारे ७.२ टक्क्यांवर येते. मेहनत दुप्पट, लाभ नाममात्र. परंतु पिपेट दुसऱ्यांदा भरून, कक्षाची दुसरी बाजू भरून पाचशे-पाचशे पेशी मोजल्या, तर त्रुटी सुमारे साडेपाच टक्क्यांवर उतरते. अधिक वेळ डोळे ताणण्यापेक्षा पहिल्यापासून पुन्हा करणे श्रेयस्कर, हा मापनशास्त्रातील मूलभूत धडा येथे अंकांनिशी शिकविता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीविषयक मार्गदर्शिकेत याच तत्त्वाचा अवलंब आहे : दोन स्वतंत्र विरलने, प्रत्येकात किमान २०० शुक्रपेशींची गणना, दोन्हींची तुलना, आणि फरक मर्यादेबाहेर गेल्यास नमुना नव्याने तयार करणे.

५. आकार आणि संख्या यांची फारकत

आपल्याकडे पेशीमापन आणि पेशीगणना ही स्वतंत्र प्रात्यक्षिके म्हणून, अनेकदा वेगवेगळ्या अभ्यासपत्रिकांत, शिकविली जातात. प्रत्यक्षात रक्ताचे आकलन या दोहोंच्या संयोगातून होते. लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात प्रारंभी पेशींची संख्या फारशी घटलेली नसते. पेशी लहान व फिकट होतात. थॅलॅसेमियाच्या वाहकात पेशी लहान असूनही त्यांची संख्या सामान्य किंवा जास्तच असते. १९७३ मध्ये मेंट्झर यांनी सुचविलेला निर्देशांक याच निरीक्षणावर उभा आहे. पेशीच्या सरासरी घनफळाला दशलक्षात मोजलेल्या पेशीसंख्येने भागावयाचे. उत्तर १३ हून कमी आल्यास थॅलॅसेमियाची शंका घ्यावयाची. प्रात्यक्षिकात आपण व्यास मोजतो, घनफळ नव्हे. त्यामुळे हा निर्देशांक तेथे काढता येत नाही. तरीही दोन मापनांचे नाते समजावून देण्यास कोणतीच अडचण नाही.

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिका १९२८ मध्ये गरोदर स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईस आल्या. त्या रक्तक्षयात तांबड्या पेशींची संख्या घटलेली होतीच. पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोहाभावाने पेशी लहान होतात. येथे कारण वेगळे असले पाहिजे, हे आकाराने सुचविले. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे विल्स यांनी १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखविले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळ्या काढलेल्या द्रव्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. विल्स यांच्या संशोधनाचा धागा तेथवर पोहोचतो. केवळ संख्या मोजून थांबणाऱ्याला हा मार्ग दिसला नसता.

६. प्रात्यक्षिक वही आणि मूल्यमापन

येथपर्यंतची चर्चा तांत्रिक होती; खरा प्रश्न शैक्षणिक व नैतिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. हे अनुमान हिमोग्लोबिनवर आधारित आहे, पेशीसंख्येवर नव्हे, हे ध्यानात ठेवूनही प्रश्न उरतोच. विद्यार्थिनींनी भरलेल्या वर्गात सर्वांच्याच वह्यांत ४५ लाखांच्या आगेमागे 'सामान्य' मूल्ये कशी आढळतात?

उत्तर मूल्यमापनाच्या पद्धतीत आहे. परीक्षक उत्तर पाहतो, ते पुस्तकातील मूल्याशी ताडतो आणि गुण देतो. विद्यार्थिनीची गणना ३४ लाख आली, तर तिच्यासमोर तीन शक्यता असतात : गणना चुकली असेल, योगायोगाने संख्या कमी आली असेल, किंवा तिचे रक्त खरोखरच क्षीण असेल. पहिल्या दोन शक्यता पुन्हा मोजून तपासता येतात. तिसरीसाठी वैद्यकीय तपासणीचा सल्ला देता येतो. प्रचलित व्यवस्थेत ती चौथा मार्ग स्वीकारते आणि आकडा सुधारून लिहिते. त्या क्षणी विज्ञानाचे नुकसान होतेच, शिवाय तिच्या स्वतःच्या शरीराने दिलेली एक सूचना खोडली जाते. स्वतःच्या रक्ताविषयीचे निरीक्षण पुस्तकाच्या आज्ञेपुढे मागे घ्यावे, असा संस्कार विज्ञानशिक्षणाने करू नये.

७. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आता गणना यंत्राने होते. हस्तगणनेच्या त्रुटींची चर्चा कालबाह्य आहे. वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये एकस्व मिळाल्यानंतर यंत्रगणनेचा प्रसार झाला आणि यंत्र क्षणात हजारो पेशी मोजते, हे खरे. परंतु यंत्राचेही अंशांकन करावे लागते, आणि पेशीसंवर्धन, सूक्ष्मजीवशास्त्र व वीर्यतपासणी यांत गणनकक्ष आजही वापरात आहे. यंत्राने छापलेल्या आकड्यावर शंका घेण्याची क्षमता ज्याने हाताने मोजले आहे त्यातच येते.

दुसरा आक्षेप, सांख्यिकी विद्यार्थ्यांना जड जाते. येथे लागणारी सांख्यिकी म्हणजे एक वर्गमूळ होय. 'शंभर मोजले तर दहाचा फरक चालतो' हे वाक्य कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला कळते.

तिसरा आक्षेप वेळेचा व विद्यार्थिसंख्येचा आहे, आणि तो वास्तव आहे. एका तुकडीत वीस विद्यार्थी आणि मोजकेच सूक्ष्मदर्शक, ही अनेक महाविद्यालयांची स्थिती आहे. तथापि पुढे सुचविलेली पद्धत हीच अडचण उपयोगात आणते.

८. काही सूचना

एक, संपूर्ण तुकडीने यीस्टचे एकच मिश्रण मोजावे. बेकरीत मिळणारे यीस्ट स्वस्त असते आणि गॉसेट यांनीही यीस्टच मोजले होते. प्रत्येकाने आपली संख्या फळ्यावर लिहावी. वीस संख्यांचा आलेख काढावा. विखुरणे हा दोष नसून वस्तुस्थिती आहे हे विद्यार्थी तेथेच पाहतील.

दोन, रक्तगणनेतील सुरक्षिततेचा पुनर्विचार व्हावा. हेम द्रवात मर्क्युरिक क्लोराइड हे विषारी संयुग असते. तो द्रव रबरी नळीतून तोंडाने ओढण्याची रीत तत्काळ थांबली पाहिजे. फॉर्मल-सायट्रेटसारखा पर्याय उपलब्ध आहे. भारताने २०१८ मध्ये पाऱ्यासंबंधीच्या मिनामाटा करारास संमती दिली आहे, हेही स्मरणात असावे.

तीन, पेशीमापनात किमान पन्नास पेशी मोजून वितरण-आलेख काढावा आणि उत्तर नेत्रिकेतील भागाच्या मूल्यास शोभेल इतक्याच अंकांत लिहावे.

चार, उत्तराबरोबर त्रुटी लिहिणे सक्तीचे असावे, आणि गुण उत्तराच्या 'सामान्य' असण्यास नव्हे, तर मूळ नोंदी, पुनर्गणना व निष्कर्षाची संगती यांस द्यावेत. नोंद शाईने व्हावी. खोडलेली संख्या वाचता येईल अशी खोडावी.

पाच, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या रक्ताची गणना ऐच्छिक व गोपनीय असावी. पुन्हा मोजूनही ती कमी आल्यास शिक्षकाने निदान करू नये. वैद्यकीय तपासणीचा सल्ला मात्र अवश्य द्यावा.

निष्कर्ष

पेशीमापन व पेशीगणना ही प्रात्यक्षिके जुनी आहेत म्हणून ती गाळावीत, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. उलट अल्प खर्चात मापनाची संपूर्ण शिस्त शिकविणारी त्यांच्या तोडीची दुसरी साधने पदवी प्रयोगशाळेत क्वचितच असतील. दोष तंत्रात नसून आपण त्यांतून जे मागतो त्यात आहे. आपण ठरावीक उत्तर मागतो, म्हणून विद्यार्थी ठरावीक उत्तर देतात. '४६ लाख, अधिक-उणे ५ लाख; दोनदा मोजले' अशी नोंद ज्या दिवशी 'बरोबर ५० लाख' या नोंदीपेक्षा अधिक गुणांस पात्र ठरेल, त्या दिवशी हे प्रात्यक्षिक आपले काम करू लागेल. त्यासाठी नवीन उपकरण अथवा नवीन अनुदान लागत नाही. परीक्षकाने पुस्तकातील मूल्याआधी विद्यार्थ्याची मूळ नोंद पाहावी, एवढेच पुरेसे आहे.